साधं पाणी

मरायला हवे होते ते उंदीर सकाळी नऊ वाजता हरभरे कुरतडत बसले होते. मनकर्णाने पिशवी खांद्यावरून न काढताच मोजले. चौदा. मग पिशवी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, पांढऱ्या चिठ्ठीचे चारही पिंजरे एकेक करून खिडकीच्या उजेडात ओढले आणि पुन्हा मोजले. चौदा म्हणजे चौदाच; प्राध्यापिकाबाईंची भीड धरून उंदीर काही कमी होत नाहीत. वीस होते, सहा गेले, चौदा राहिले. समोरच्या भिंतीला निळ्या चिठ्ठीचे चार पिंजरे, त्यातले वीसपैकी पंधरा जिवंत. गेल्या हिवाळ्यात, यंत्राखाली ठेवल्यापासून याच बाराव्या दिवशी, पांढऱ्या रांगेत तीन आणि निळ्या रांगेत पंधरा उरले होते, आणि त्या तीन आणि पंधराच्या फरकावर तिची सगळी पीएच. डी. उभी होती. बेत सरळ होता. निळ्यांना आठवडाभर पाण्यातून क जीवनसत्त्वापासून केलेल्या संयुगाची भुकटी द्यायची, पांढऱ्यांना साधं पाणी, मग दोघांनाही नागपूरला दवाखान्यातल्या कोबाल्टच्या यंत्राखाली ठेवून सारखीच आठशे रॅड लाइट, म्हणजे किरणांचा मारा, द्यायची आणि वाट बघायची. भुकटीवाले जगले आणि साधं पाणी पिणारे मेले, की भुकटीने लाइटची बाधा अडवली असं म्हणता येतं. आता दोन्ही रांगा सारख्याच जगल्या होत्या. म्हणजे म्हणता काहीच येत नव्हतं, आणि एकतीस मार्चला नोंदणीची सहा वर्षं संपत होती. कॅलेंडरवर जानेवारीची सात तारीख होती, साल सत्याऐंशी.

लाइट हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तो शास्त्राच्या पुस्तकात नाही. सोळा वर्षांपूर्वी आईला, भागीरथाबाईला, गर्भाशयाचा कर्करोग झाला तेव्हा गावातले लोक विचारायचे, बाईले लाइट देली का? दिली होती. पंचवीस वेळा दिली होती. गाठ विरघळली असं डॉक्टर म्हणाले, पण ओटीपोटावरची कातडी काळी पडून सोलली, आतड्यातून रक्त जाऊ लागलं, आणि शेवटी पेजेचा घोटसुद्धा पोटात ठरेना. आजार आटोक्यात आहे, पण लाइट बाधली, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाबा, सोमाजी रामटेके, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या खेड्यातला तो धानाच्या बांधीतला माणूस. त्यांनी विचारलं, "बाधली त उतारा काय त्याले?" साप चावला तर उतारा असतो, धोतरा खाल्ला तर असतो, तसा याचाही असणार असं त्यांना मनापासून वाटलं होतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, उतारा अजून निघाला नाही बाबा. एकवीस वर्षांची मनकर्णा तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिला इतका संताप आला होता की दवाखान्याच्या नळावर जाऊन तिने उगाचच स्वतःची वेणी धुतली. निघाला नाही म्हणजे काय? काढत का नाही मग कोणी? बाकी मुली लग्नाच्या बोलण्यात अडकल्या, ही त्या एका वाक्याला अडकली. नात्यातल्या बायका म्हणायच्या, पोरीनं उंदराशीच संसार मांडला. मांडला तर मांडला. पिंजरे घेऊन ती एस. टी.ने नागपूरला जायची, नागभीड, भिवापूर, उमरेड करत, मागच्या सीटवर पिंजऱ्यांवर चादर टाकून, आणि कोणी नाक मुरडलं तर त्याच्याकडे अशी बघायची की तो पुढच्या सीटवर जाऊन बसे. गेल्या एप्रिलात रशियातली अणुभट्टी फुटल्याचं पेपरात आलं तेव्हापासून मात्र ती शिकवायची त्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले लोक एकदम आदराने विचारू लागले होते, मॅडम, तुमचा उतारा कुठपर्यंत आला? चौदापर्यंत आला, असं आता त्यांना सांगायचं होतं.

"यंदा सगळेच वाचले न बाई," मागून देवकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. देवकाबाई ही उंदरांच्या खोलीतली रोजंदारीची बाई, जवळच्याच तलावाच्या गावची ढिवरीण, मासेमारांतली, वयाने मनकर्णाहून दहा वर्षांनी मोठी. वर्षही झालं नव्हतं तिला लागून. गेल्या हिवाळ्यातली रांग जुन्या शिपायाने सांभाळली होती. मनकर्णाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"देवकाबाई, या पांढऱ्या चिठ्ठीवाल्याईले काय पाजलं तुमी?"

"पानी."

"कोनतं पानी?"

देवकाबाईने हातातला फडका घडी करून पिंजऱ्यावर ठेवला. लपवायचं तिच्या मनात नव्हतंच. "सकाळी तुमी बरणी भरून औषध कालवत होत्या. निळ्याईले देऊन अर्धी बरणी उरत होती. सांजेले फेकून देजो, उद्यापर्यंत टिकत नाई, असं तुमीच म्हनलं होतं. फेकाचं काऊन? मी थे याईच्या शिश्यात भरत होती. समोरासमोर बसवले, एकाले औषध अन् एकाले कोरडं, अन् मंग दोघाईलेही त्या मशीनखाली. मले पाह्यल्या नाई गेलं. आमच्याकडं तलाव खोलला का जो जाळं घेऊन आला त्याचाही वाटा, अन् जो घरी तापानं पडला त्याचाही."

मनकर्णाला तो वाटा माहीत होता. मागच्या उन्हाळ्यात देवकाबाईच्या आग्रहाने ती तलावावर गेली होती. पाळीवर, तलावाच्या बांधावर, मासळीचे सत्तावीस ढीग मांडले होते, सत्तावीस घरांचे, त्यात एक विधवेचं, जिच्या घरात जाळं ओढणारं कोणी उरलं नव्हतं. सुकलू नावाचा म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून बसला. दुसरा एकजण एकेका ढिगावर बोट ठेवून विचारी, हा कोनाचा? आणि सुकलू मागे न बघता नाव घेई. मोठा मासा कोणाकडे गेला, बारीक चिंगूर कोणाकडे, त्याच्यावर ओरडायची सोय नाही, कारण सांगणाऱ्याला ढीग दिसतच नव्हता. तेव्हा तिला ते फार आवडलं होतं. आता आवडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या तोंडून जे निघालं ते पुस्तकी मराठीत निघालं. राग अनावर झाला की घरची बोली तिला सोडून जाई. "तुम्हाला डोकं चालवायला कोणी सांगितलं होतं? सहा वर्षं गेली माझी. सहा वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही." देवकाबाई रडली नाही, पाया पडली नाही. तिने फडका उचलला आणि निळ्या रांगेचे पिंजरे पुसायला घेतले. त्याचा मनकर्णाला आणखीनच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. हरकरे सर तिचे मार्गदर्शक, स्वभावाने गोड माणूस. वाईट बातमी ते नेहमी चहाबरोबर देत. त्यांनी आकडे पाहिले, तिसऱ्या दिवसाचे रक्ताचे तक्ते पाहिले. दोन्ही रांगांच्या पांढऱ्या पेशी सारख्याच कोसळल्या होत्या, म्हणजे यंत्र चाललं होतं, लाइट सगळ्यांना लागली होती. मग बाईने काय केलं ते ऐकून ते मनमुराद हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "मिस रामटेके, पांढऱ्या रांगेत किती उरायला हवे होते हे आपल्याला ठाऊक आहे ना? तीन. मग तीन लिहा. यात खोटं काय? उंदरांकडून चूक झाली, ती आपण दुरुस्त केली." मनकर्णा बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिली. तिला माहीत होतं की ही भुकटी उंदरांसाठी नाही. आज ना उद्या ती कोणाच्या तरी आईच्या पेल्यात पडणार होती, आणि त्या पेल्याच्या तळाशी हा खोटा तीनाचा आकडा असणार होता. ती म्हणाली, "तीन नव्हते सर, चौदा होते." सरांनी मान हलवली, जणू पोरीचा हट्ट जुनाच होता. "बरं. मग दुसरा रस्ता. त्या बाईने हेतुपुरस्सर प्रयोग बिघडवला असं लेखी द्या. प्राचार्य तिला काढतील, विद्यापीठ तुम्हाला वर्षाची मुदत वाढवून देईल, मी शिफारस करतो. रोजंदारीची बाई, तिला काय, उद्या बीडी कारखान्यात जाईल." पंधरा मिनिटांत त्यांनी मजकूर टाइप करून हातात दिला. खाली सही तेवढी तिची हवी होती.

उमरेडच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबते. तिथे तिने पेन काढलं होतं, हे तिने पुढे स्वतःपाशी कधी नाकारलं नाही. लिहिलं होतं त्यात खोटं तरी काय होतं? बाईने बिघडवला होता, आणि चुकून नाही. एका सहीने वर्ष मिळत होतं. तपकिरी बाटलीत भुकटी एका खेपेपुरती उरली होती. बाबा सत्तरीला आले होते आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या प्रत्येक पत्रात उताऱ्याचं विचारत होते. देवकाबाईची सून तिला नीट वागवत नाही हे आठवलं, आणि आठवलं म्हणून ती स्वतःवरच चिडली. शास्त्रात सुनांचं काय काम? टोपण उघडलं, कागद मांडीवर धरला, आणि हात थांबला तो कुठल्या मोठ्या विचाराने नाही, बाबांच्या एका सवयीने. सोमाजीला वाचता येत नव्हतं, पण कागद मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज त्याने कधी अंगठा उठवला नाही. तलाठी असो, सोसायटीचा माणूस असो, तो म्हणे, "कागदात माझं नाव हाय, त माह्या कानावर पडू द्या." या कागदात देवकाबाईचं नाव तीनदा होतं. तिच्या कानावर पडल्याखेरीज सही करणं मनकर्णाच्या हाताला जमेना. वाचून दाखवू आणि मग करू, असं तिने ठरवलं आणि टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी वाचताना आवाज साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. देवकाबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. दुपारचे दोन वाजले होते, पत्र्याचं छप्पर तापलं होतं, उंदरांचा उग्र वास खोलीभर होता.

"हेतुपुरस्सर म्हंजे?"

"जाणूनबुजून."

"मंग बराबर हाय. जानूनबुजूनच केलं मी, चुकून नाई केलं. करा सही," देवकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना विनवणी. आणि मग, मासळी निवडताना बोलावं इतक्या सहज, तिने पुढचं विचारलं. "पन यात एक लिहाचं राह्यलं, बाई. धष्टपुष्ट थे निळ्या रांगेत अन् रोडके थे पांढऱ्या रांगेत, हे कोनी बसवलं? मी त नाई बसवलं. मी आली तवा पंगत बसली होती."

मनकर्णाने कागद खाली ठेवला. प्रयोगाला चांगले घ्यावे, तुलनेला उरलेले: हे हरकरे सरांच्या प्रयोगशाळेतलं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं. सरांच्या सरांनीही तसंच केलं असणार. हात घालायचा, चकचकीत केसांचा, तुरतुरीत उंदीर निळ्यात. डोळे चिकटलेला, अंग चोरून बसलेला पांढऱ्यात. सहा वर्षांत तिच्या हाताला ते इतकं वळण पडलं होतं की आपण निवडतो आहोत हेही तिला कळत नसे. म्हणजे गेल्या हिवाळ्यात पांढऱ्या रांगेतले सतरा मेले, ते साध्या पाण्याने मेले की मुळात मरणाऱ्यांनाच आपण तिथे बसवलं होतं? त्या आकड्यांवर सरांनी परिषदेत निबंध वाचला होता, तिचं नाव दुसरं टाकून. जेमतेम वर्षभर त्या खोलीत येणाऱ्या बाईला जे दिसलं ते दोन डॉक्टरेटवाल्यांना आणि होऊ घातलेल्या तिसरीला दिसलं नव्हतं. आणि दिसायला तर तिलाच सगळ्यांत आधी हवं होतं. पंगत म्हणजे काय हे ब्रह्मपुरीत कोणाला माहीत नसलं तरी सोमाजी रामटेकेच्या पोरीला माहीत होतं. छप्पन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट, मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, घरचं लग्न, ती सहा वर्षांची. त्यांच्या लोकांना गोठ्याच्या अंगाला, उकिरड्याच्या जवळ बसवलेलं, वाढपी सगळीकडून फिरून तळाचं घेऊन शेवटी इकडे येणार. तिच्यापुढच्या पळसाच्या पत्रावळीला भोक होतं, वरण खालून मातीत जात होतं, आणि ती बोटाने भोक दाबून बसली होती. त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेली आई तिच्या शेजारी होती. आईने पत्रावळीकडे पाहिलं, वाढप्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ऊठ." एवढंच. भूक लागली होती, लेकरू रडत होतं, पण भागीरथा उठली, तिच्यामागे सगळी रांग उठली, आणि त्या गावात पुन्हा कोणी कोणाच्या गोठ्याकडे जेवायला बसलं नाही. त्या आईच्या बाधेवर उतारा शोधायला निघालेल्या पोरीने स्वतःच्या हाताने पंगत मांडली होती, रोडक्यांना कडेला बसवलं होतं, आणि ज्या बाईला ते पाहवलं नाही तिला कामावरून काढायचा कागद आता ती तिलाच वाचून दाखवत होती. मनकर्णाला लाज वाटली. ती लाज अंगभर चढली आणि मग, तिचा स्वभावच तसा, लाजेचा संताप झाला. या वेळी देवकाबाईवर नाही. त्या संतापातच तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसताच ती उठून पांढऱ्या पिंजऱ्यांपाशी गेली. हे रोडके होते. निवडून काढलेले रोडके. आणि अर्ध्या बरणीच्या उरल्यासुरल्या औषधावर वीसपैकी चौदा जगले होते. तिला ज्यांच्या मरणावर प्रबंध लिहायचा होता ते तिच्याकडे मिशा हलवत बघत होते. याने सिद्ध काही होत नव्हतं, हे तिला पक्कं कळत होतं. पण भुकटीत दम होता असं तिला सहा वर्षांत पहिल्यांदा खरंखुरं वाटलं.

सरांच्या कागदाच्या पाठीवर तिने त्याच टेबलाशी बसून पत्र लिहिलं, विद्यापीठाला, एक प्रत सरांना, एक प्राचार्यांना. यंदा दोन्ही रांगांना औषध मिळालं. साधं पाणी का द्यायचं हे सेविकेला मी कधी समजावलं नाही, चूक माझी आहे. पांढऱ्या रांगेत चौदा जगले आहेत. उंदरांची वाटणी मी निवडून करत होते, म्हणून गेल्या वर्षीचे आकडेही भरवशाचे नाहीत. परिषदेतला निबंध मागे घ्यावा. मला एक वर्ष मुदत द्यावी. शेवटच्या ओळीपाशी ती जरा थांबली आणि मग खाली लिहिलं: वाटणीतला दोष सौ. देवकाबाई यांनी दाखवून दिला. हेही तिने वाचून दाखवलं. देवकाबाई म्हणाली, "माहं नाव कायले टाकलं वरच्या लोकाईत," पण ते वाक्य तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. सरांनी चहा न देता फोनवर सांगितलं की आता त्यांचा तुमच्या कामाशी संबंध नाही, आणि जाता जाता हेही सांगितलं की सवलतींवर आलेल्या लोकांना जरा धीर धरवत नाही. मनकर्णाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धीरच धरून राह्यली सर मी. घाई तुमाले होती, तीन लिहाची." रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की सरांशी बोलताना आज पहिल्यांदाच घरची बोली आली होती, आणि तीही राग असताना. विद्यापीठाचं पत्र फेब्रुवारीत आलं: मार्गदर्शकाच्या शिफारशीविना मुदतवाढ देता येत नाही. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, त्या बाईला ठेवायचं कशाला? ती म्हणाली, तिला काढाल तर उंदीरखान्याची किल्ली माझीही घ्या, आणि किल्ली टेबलावर ठेवली. प्राचार्यांना तो वास आणि ते उंदीर दोन्ही नको होते. त्यांनी किल्ली दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवली. कोबाल्टच्या यंत्राची परवानगी दवाखान्याने मुळातच तिच्या नावाने दिली होती, ती अजून जूनपर्यंत होती. भुकटी एका खेपेची होती. पदवी मिळणार नव्हती, हे एकतीस मार्चलाच संपून गेलं. त्या दिवशी तिने काही सुतक पाळलं नाही. गावाकडे जाऊन बाबांना सांगितलं, कागद मिळाला नाही. म्हातारा म्हणाला, "कागदाचं सोड. उतारा कुठवर आला?" पुन्हा पहिल्यापासून, ती म्हणाली. "मंग कर," तो म्हणाला, आणि धानाच्या पेंढीवर सरकून त्याने तिला बसायला जागा दिली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दुपारी चाळीस नवे उंदीर पेटीत होते, आठ पिंजरे धुऊन मांडलेले. साधं पाणी कशाला हे मनकर्णाने या वेळी समजावलं होतं, एक दिवस नाही, चार दिवस. एका रांगेला दिलं नाही तरच कळेल की दिल्याने काय होतं. नाहीतर पुढे माणसाला देताना आपण फसवत राहू. देवकाबाईने खूप वाद घातला. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मंग कोनाले नाई द्याचं, हे कोन ठरवन?" मनकर्णा म्हणाली, "तुमी. सुकलूभाऊवानी." म्हणून आता देवकाबाई स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर खोचून, हात मांडीवर. मनकर्णाने पेटीत हात घातला, हाताला येईल तो उंदीर शेपटीने उचलला आणि विचारलं, "हा कोनाचा?"

"निळ्याचा," देवकाबाई भिंतीला म्हणाली.

"हा?"

"पांढऱ्याचा. पांढऱ्याचा. निळ्याचा."

हात जुन्या वळणाने निवडू बघत होता, हे मनकर्णाला बोटांत जाणवत होतं. एक लंगडा निघाला, तो निळ्यात गेला. एक मरतुकडी मादी निळ्यात गेली. निळ्याचे वीस भरले तेव्हा पेटीत एकच उरला होता, सगळ्यांत गुबगुबीत, ज्याला देवकाबाई महिनाभर हरभऱ्याची डाळ जास्त घालत होती आणि लाडू म्हणून हाक मारत होती. त्याचं आता विचारायचंही कारण नव्हतं. तरी मनकर्णाने विचारलं, कारण वाटा सगळ्यांचा विचारायचा असतो. "हा कोनाचा?" देवकाबाईने मनात मोजलंच होतं. "पांढऱ्याचा," ती म्हणाली, मग वळली, आणि मनकर्णाच्या हातात लोंबणारा लाडू तिला दिसला. तिचा चेहरा उतरला. मनकर्णाने त्याला पांढऱ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यात सोडलं, आणि तो लगेच पाण्याच्या शिशीकडे गेला.

त्या दिवशीही बरणी अर्धी उरली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, बाहेर ऊन अजून करकरीत होतं. देवकाबाईने बरणी उचलली आणि पांढऱ्या रांगेसमोर ती घेऊन बराच वेळ उभी राहिली. मनकर्णा वहीवर पेन टेकवून बसली होती. ती उठली नाही. आता काय करायचं ते देवकाबाईच्या हातात होतं. मग देवकाबाई दाराबाहेर गेली, आणि तापलेल्या मुरमावर पाणी पडल्याचा आवाज आला. ती रिकामी बरणी घेऊन आत आली, उलटी करून मनकर्णाला दाखवली, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "फेकलं, बाई. आता खरं लिहा."